चाळीस मिनिटांची लाट

३ मार्च, सोमवार

ताई,

आधीच सांगते, शुद्धलेखनाच्या चुका असतील, तेवढ्या माफ कर. आणि मी एका बोटानं टाइप करते. तुला हे दोन मिनिटांत वाचून होईल, पण मी सकाळपासून बसलेय. मघाशी अर्धं पान पुसलं गेलं. त्यात काही महत्त्वाचं नव्हतं, तुला ‘कशी आहेस’ असं तीनदा विचारलं होतं.

तुझा ईमेलचा पत्ता आईच्या फोनमधून घेतला. तिला विचारलं नाही. तिला काही विचारलं की ती ‘कशाला’ म्हणते, आणि मग मला कशाला ते सांगावं लागतं.

आई बरी आहे. बाबा बरे आहेत, लिफ्ट दुरुस्त करायला जातात, घरी आले की बोलत नाहीत. मी कोणावर गेले ते दिवसेंदिवस जास्तच कळायला लागलंय.

मी कामाला लागले हे आईनं तुला सांगितलं असेल. कुठे ते सांगितलं नसेल. वेधशाळेत. हो, आपल्याच, तुझ्याच. मोठ्या सरांनी स्वतः बोलावलं. म्हणाले, बाळ, तुला बोलायला आवडत नाही ना, मग माझ्याकडे ऐकायचं काम आहे, ते कर. मला वाटलं टोमणा मारतायत. पण खरंच तसं काम आहे.

एक टेबल, एक खुर्ची, हेडफोन. लाकडी झोपडीतलं यंत्र दर सेकंदाला जमिनीवरचं चुंबक किती हललं ते मोजतं, हे तुला मी काय सांगायचं. आता त्या आकड्यांचा आवाज करतात. नुसता केला तर ऐकूच येणार नाही इतका सावकाश असतो, म्हणून पळवतात. अख्खा महिना तेरा सेकंदांत. मी तो ऐकायचा आणि खुणा करायच्या. ‘आपलं’ किंवा ‘सूर्याचं’. ट्रक गेला, कोणी खिशात किल्ल्या घेऊन आत शिरलं, माळी फावडं विसरला, हे आपलं. उरलं ते सूर्याचं.

लोखंडाचा नियम अजून तोच आहे. फाटकापाशी लाकडी ताट. पिना, पट्टा, किल्ल्या, फोन, सगळं त्यात काढायचं आणि मगच पांढऱ्या रेघेच्या आत जायचं. नवीन आलेल्या एका मुलाच्या चपलेत खिळा निघाला म्हणून त्याला अनवाणी जावं लागलं. सर म्हणाले, सूर्याच्या दारात चपला कशाला.

तू नळाखाली बादली धरून मला दाखवलं होतंस ते आठवतं का? सूर्याकडून सतत वारा येतो, पातळ, पण सरळ येत नाही, घुसळत येतो. मोठा भोवरा फुटून लहान, लहान फुटून आणखी लहान. आणि म्हणालीस, बारके, बघ, मोठे असतात ते सावकाश फिरतात. या वाऱ्याचा आवाज जितका सावकाश तितका मोठा. मग आईनं पाण्याचं काय चाललंय म्हणून बादलीच ओढून नेली.

मला ते फार आवडलं होतं. सावकाश असून मोठं असणं.

काही विशेष नव्हतं, सहज लिहिलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे दिलंस तर बरं.

बारकी


५ मार्च, बुधवार

ताई,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते. बघत होते.

सोमवारी काही विशेष नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. विशेष आहे. ते सांगायलाच बसले होते आणि बादलीचं सांगून उठले.

मागच्या आठवड्यात सरांनी मला एका यानाच्या नोंदी ऐकायला दिल्या. ते यान सूर्याच्या वाटेवर पंधरा लाख किलोमीटर पुढे उभं आहे. तिथून जाणारा वारा किती दाट, किती पातळ, ते मोजतं. त्याच वाऱ्याला आपल्यापर्यंत यायला मग साधारण तासभर लागतो. तीन वर्षांपूर्वीच्या काही महिन्यांच्या नोंदी यानवाल्यांनी तेव्हा खराब म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. आता दुरुस्त करून सगळ्यांना खुल्या केल्यात. सर म्हणाले, ऐक, कान तयार होईल.

कान तयारच होता. सूर्याचा आवाज मला आता ओळखू येतो. जुन्या नळाला पाणी यायच्या आधी हवा येते ना, तसा. खरखर, फुरफुर, मध्येच दणका. त्यात ताल नसतो. एकदा येतो तसा पुन्हा येत नाही. तेराव्या सेकंदाला महिना संपतो आणि तू कुठे होतीस ते तुलाच सांगता येत नाही.

पण एका महिन्यात मध्येच घूं असं ऐकू आलं. जेमतेम पावणेदोन सेकंद. शेजारच्या घरात फ्रीज सुरू होऊन बंद पडावा तसं. मी हेडफोन काढून बघितलं. आमच्या खोलीत फ्रीज नाही. पुन्हा लावलं. पुन्हा घूं.

मग मी तारीख काढली. पावणेदोन सेकंद म्हणजे चार दिवस. मंगळवार ते शुक्रवार.

तुझे चार दिवस, ताई.

मी आपल्या झोपडीची त्या महिन्याची नोंद काढली. तीही ऐकली. तिथेही घूं आहे, फक्त तुटक तुटक, चार तुकड्यांत, कारण रात्री आपली जमीन सूर्याकडे पाठ करते आणि ती पुसट होते. तू हेच म्हणाली होतीस सगळ्यांसमोर. चाळीस मिनिटं वर, चाळीस मिनिटं खाली, आणि दिवसाच नीट दिसते. यानाच्या नोंदीत ती तुटत नाही. तिथे रात्र नाही. शाळाही नाही. आणि यानाचा प्रत्येक चढ आपल्यापेक्षा तासभर आधीचा आहे. मी पेन्सिलीनं एकेक लावून बघितला, सगळे लागले.

आपल्या नोंदीवर त्या चार दिवसांवर अजून लाल खूण आहे. ‘आपलं – सायकल.’ तारीख टाकून सरांची सही.

ताई, पंधरा लाख किलोमीटरवर माझी सायकल कोण नेऊन लावणार?

पुढचं मला टाइप करता येत नाहीये. सर चहा संपवून येतायत, त्यांच्या चपला ऐकू येतात.

बारकी


८ मार्च, शनिवार

ताई,

आज सुट्टी आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून येऊन बसले. आईला सांगितलं काम आहे. आहेच.

त्या दिवशी सरांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. सर, तू, आई, आमच्या मुख्याध्यापिका, आणि पाचवी माझी, पण मी उभीच राहिले. बसले असते तर पाय जमिनीला टेकले असते, तरी मला वाटत होतं की टेकणार नाहीत. चौदा वर्षांची होते.

सगळं बाहेर कसं आलं ते तुला माहीत आहे. मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून सांगितलं की मुलगी चाळीस मिनिटांचा एक पिरियड वर्गात असते, एक गायब. आईनं माझ्या मागे येऊन बघितलं, तर मी भिंतीपलीकडे वेधशाळेत, झोपडीच्या मागे बसलेली. आईनं ते तुझ्या कानावर घातलं नाही. पुढे चार महिने खपून तू सगळ्यांना सांगितलंस की सूर्याच्या वाऱ्यात चाळीस चाळीस मिनिटांची लाट सापडली, जिथे कुठलाच ताल नसतो असं सगळे म्हणतात तिथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबांनी तो कागद लिफ्टच्या हत्यारांच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवला होता. अजून आहे.

आठवडाभरात मुख्याध्यापिकांनी त्या तारखा ओळखून सरांना सांगितल्या. सर त्या खोलीत तुला म्हणाले, चाळीस मिनिटांनी वर जाणारी आणि चाळीस मिनिटांनी खाली येणारी गोष्ट सूर्यावर असेल, की शेजारच्या शाळेत? मुख्याध्यापिका हसल्या. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, लाट गोल आहे, लोखंड आलं तर रेघ पायरीसारखी चढेल. सर म्हणाले, दहा दहा मिनिटांची सरासरी काढल्यावर पायरीही गोलच दिसते.

मग ते माझ्याकडे वळले. मला ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडले असते आणि सुटले असते. अगदी मायेनं म्हणाले, “बाळ, मागच्या तुटक्या कुंपणातून सायकल घेऊन यायचीस ना झोपडीपर्यंत?”

मी हो म्हणाले.

तेवढंच. एक अक्षर. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “बारके, चार महिने गं.” त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. तू लिहून दिलंस की आमची चूक झाली, लाट नव्हती, आणि महिन्याभरात गेलीस. आता तिकडे पावसाचे अंदाज लिहितेस असं आई सांगते. आई हे चांगलं म्हणून सांगते.

मला शाळेतून काढलं नाही, मीच गेले नाही. वर्गात शिरले की मुलं तोंडानं सायकलची घंटी वाजवायची. भाषेच्या बाईसुद्धा एकदा हसल्या. भाषेच्या पिरियडला उभं राहून धडा मोठ्यानं वाचावा लागायचा, त्यातून तर मी पळायचे.

सायकल फाटकापाशी होती, ताई. चारही दिवस.

फाटककाका मला आत सोडायचे. शाळेच्या गणवेशातली पोरगी बघून पहिल्या दिवशी म्हणाले, कुठे निघालीस पोरी. मी ताईकडे म्हणाले. मग रोजच सोडायला लागले. सायकल त्यांच्या खुर्चीशेजारी. ताटात माझ्या पिना, पट्टा, डबा. डबा स्टीलचा म्हणून. मला नियम पाठ होता, तूच तर शिकवला होतास. मी रेघेच्या आत गेले तेव्हा माझ्या अंगावर लोखंडाचा कणही नव्हता. पण काकांनी माझं नाव वहीत कधी लिहिलं नाही, आणि त्यांची निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी ‘नाही, फाटकातून चालत आले’ म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? कोणी सोडलं. तुटक्या कुंपणात काका नव्हते. कुंपण आपोआप तुटलं होतं.

हे मी आधी का नाही लिहिलं? कारण काकांसाठी केलं असं लिहिलं की मी फार चांगली वाटते. तसं नाहीये. निम्मं काकांसाठी. निम्मं, चार जण माझ्याकडे बघत होते आणि हो म्हटलं की बघायचं थांबतात, म्हणून. मला तेव्हा कोणी विचारलं असतं की सूर्य तू विझवलास का, तर मी हो म्हणाले असते.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता मला कोणाचंच कारण नाही.

बारकी


१२ मार्च, बुधवार

ताई,

सरांना सांगितलं.

लगेच नाही. सोमवारी गेले, सर म्हणाले बैस, काय म्हणतेस, मी म्हणाले काही नाही. बसले, उठले, आले. मंगळवारी सगळं कागदावर लिहून नेलं, तर त्यांच्या खोलीत निरोप समारंभाचं बोलणं चाललं होतं. सर या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतायत. कोणी तरी मला पाण्याचे ग्लास आणायला सांगितलं. मी आणले.

त्या ग्लासांच्या वेळी मला कळलं की मला एप्रिल नाहीच. लाल खूण सरांची आहे. ती त्यांनी स्वतः पुसली तर पुसली. नवीन येणाऱ्या साहेबांना कोणाच्या ताईचं काय पडलंय.

आज सकाळी गेले ते हेडफोन घेऊनच गेले. काही न बोलता त्यांच्यासमोर धरले. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आता, म्हणून उजवीकडचा उलटा करून दिला. आधी यान. मग झोपडी. मग पुन्हा यान. तीनदा ऐकलं. मग तारीख विचारली. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, जसं काही तारीख चष्म्यावर पडली होती.

मग ते सर झाले. म्हणजे खडू घेऊन उभे असल्यासारखे. म्हणाले की असं होऊ शकतं, वाऱ्यात लाट होती आणि त्याच चार दिवसांत तुझी सायकलही होती, दोन्ही एकावर एक आलं, मग त्यातलं किती सूर्याचं आणि किती आपलं हे आता वेगळं करता येणार नाही. खूण तशीच ठेवणं प्रामाणिक ठरेल. वाईट वाटतं, पण काय करणार, बाळ, हो ना?

मी म्हणाले, “नाही.”

मला वाटलं मनात म्हणाले. पण सरांनी वर बघितलं.

“सायकल तिथे नव्हती, सर. मी होते. सायकल फाटकापाशी होती.”

“मग तेव्हा हो का म्हणालीस?”

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

मी सगळं सांगितलं, काकांचंसुद्धा. माझा आवाज मध्ये मध्ये जात होता, मग थांबून पुन्हा आणायचा. सरांनी घाई केली नाही. शेवटी उठले आणि कोपऱ्यातलं कपाट उघडलं. खालच्या खणात त्या महिन्याची सेकंदासेकंदाची मूळ नोंद होती. सरासरी काढायच्या आधीची. पाकिटाची चिकटपट्टीसुद्धा कोणी सोडवलेली नव्हती.

“तीस वर्षं पोरांना शिकवतोय,” सर म्हणाले, “की माणूस काय सांगतो ते सोडा, यंत्र काय सांगतं ते बघा. आणि तू हो म्हणालीस तर मी खाली वाकून हा खण उघडला नाही.”

ताई, तूही नाही उघडलास. रागावू नकोस. तूच म्हणाली होतीस की पायरी आणि गोल यात फरक असतो. पण मी हो म्हणाले आणि तू त्याच दिवशी सोडून दिलंस. हे मी तीन वर्षं मनात ठेवलंय. आता बाहेर आलं, आता माझ्याकडे नाही.

बारकी


१४ मार्च, शुक्रवार

ताई,

आज आम्ही सायकल लावून बघितली.

सरांचंच डोकं. म्हणाले, यानाचा पुरावा ठीक, पण आरोप सायकलीवर आहे तर सायकललाच उभं करू. माझी तीच जुनी सायकल बाबांनी माळ्यावरून काढून दिली, चाकात हवा भरून दिली, कशाला ते विचारलं नाही. हे बाबांचं मला आवडतं.

फाटककाकांना बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, जसं काही त्यांचाच निरोप समारंभ आहे. मला बघून म्हणाले, मोठी झालीस, पण वाढली नाहीस. सरांनी त्यांना विचारायच्या आधीच काका बोलायला लागले. हिची सायकल रोज माझ्या खुर्चीला लागून असायची साहेब, मी तिच्या कॅरियरवर पेपर पसरून वाचायचो. शुक्रवारी तर तिच्या सीटवर माझा चहा सांडला, पोरीनं काही म्हटलंसुद्धा नाही. मग मान खाली घातली. म्हणाले की नंतर ऐकलं ही सायकल आत घेऊन गेली म्हणून कबूल झाली, तेव्हा मला वाटलं सकाळी माझ्याकडे ठेवत असेल आणि दुपारी कुंपणातून नेत असेल. स्वतःची नोकरी वाचली म्हणून मी जास्त विचार केला नाही. सर म्हणाले, काका, या गोष्टीत जास्त विचार कोणीच केला नाही.

सायकल झोपडीमागे कोण नेणार? मी जाते म्हटलं, तर सर म्हणाले, नाही, आरोप मी केला होता. आणि ते सायकलवर बसले. ताई, त्यांना साठ पूर्ण होतायत आणि सायकल माझ्या मापाची. गुडघे कानांपर्यंत. पांढऱ्या रेघेपासून झोपडीपर्यंतची सगळी वाट काका मागे धावत होते, साहेब ब्रेक उजव्या हाताला, साहेब ब्रेक, आणि सर म्हणत होते, लोखंड आत नेताना ओरडू नका. झोपडीच्या भिंतीला ते थांबले, म्हणजे भिंतीनं थांबवलं.

चाळीस मिनिटं सायकल तिथे. मग चाळीस मिनिटं बाहेर. असं पाच वेळा. सकाळचे साडेनऊ ते दुपारचे सव्वाचार. मधल्या वेळात काका आणि मी बाकावर. काका झोपले.

मग रेघ काढली. सायकल आत गेली की रेघ सरळ चढते, जिन्याच्या पायरीसारखी, आणि बाहेर आली की तशीच खाली. दहा मिनिटांची सरासरी काढली तरी पायरीचे कोपरे दिसतात, नुसते थोडे घासलेले. आणि दर खेपेला उंची एकच, कारण सायकल तीच. मग सरांनी पाकिटातली तुझी नोंद काढली. सेकंदासेकंदाची. ताई, एकही पायरी नाही. सगळं गोल. एखादा डोंगर अडतीस मिनिटांचा, एखादा त्रेचाळीसचा, एक उंच, एक बुटका, दोन डोंगर चिकटलेले. वाऱ्यासारखं. शाळेची घंटा अशी वाजली असती तर शिपायाला घरी पाठवलं असतं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. काकांना उठवून दाखवले. काका म्हणाले, यातली सायकल कोणती ते मीसुद्धा सांगेन.

मग सरांनी लाल खूण काढली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, पण ते एक बटण आहे. ‘आपलं’ गेलं, ‘सूर्याचं’ आलं. खाली कारण लिहायची जागा असते. तिथे त्यांनी लिहिलं, ‘साक्षीदाराला तेव्हा नीट विचारलं नव्हतं.’

जिथे तुझी माघार छापली होती तिथे पाठवायला ते पत्र लिहितायत. आणि तुला वेगळं. मी म्हणाले, सर, तुमचं चार दिवस थांबवाल का, आधी माझं पोचू दे. म्हणून आज लगेच लिहिलं. कागदांचे फोटो जोडलेत. एक तिरका आलाय, काकांचा अंगठा आहे त्यात.

बारकी


१९ मार्च, बुधवार

ताई,

तुझं पत्र काल आलं. उघडायच्या आधी खाली जाऊन पाणी पिऊन आले.

बारा प्रश्न. मी मोजले. पहिले अकरा आकड्यांचे. आईला दाखवलं तर ती म्हणाली, हे काय, नमस्कार नाही चमत्कार नाही. मी म्हणाले, ती असंच बोलते. आई म्हणाली, हो, असंच बोलते, आणि फोन माझ्याकडून घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, एकही शब्द कळत नसताना.

अकराची उत्तरं जोडलेल्या कागदावर आहेत. सरांनी तपासलीत. घड्याळ तेव्हाही तेच होतं, दोन सेकंद पुढे. यंत्र तुझंच, बदललेलं नाही. नवव्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला माहीत नाही आणि तसं लिहिलंय. दहाव्यावर सर म्हणाले, ही पावसाचे अंदाज लिहिते म्हणता आणि प्रश्न असले विचारते.

सरांच्या पत्राखाली तीन नावांची जागा आहे. तुझं, त्यांचं आणि माझं. माझं नको म्हटलं. सर म्हणाले, ऐकलं कोणी? मी घरी गेले, रात्रभराचा वेळ घेतला, आणि आज सकाळी हो म्हणाले. हा हो विचार करून म्हटलाय. तुझं नाव टाकायचं का ते तू सांग. शुक्रवारपर्यंत. सर सही करून मगच जाणार म्हणतात, पण त्यांची खुर्ची आत्ताच कोणी तरी मोजून गेलं.

आता बारावा. तू विचारलंस, ‘आणि तू तिथे बसून करायचीस काय?’

तीन वर्षांत हे कोणी विचारलं नाही. सायकल कुठे होती ते सगळ्यांनी विचारलं.

मी वाचायचे. मोठ्यानं. वर्गात जो धडा उभं राहून वाचायला लागणार असायचा, तो मी झोपडीच्या लाकडाला पाठ लावून वाचायचे. पहिल्या दिवशी अडखळत. शुक्रवारपर्यंत अख्खं पान, न थांबता. तूच सांगितलं होतंस की या यंत्राला आवाज कळत नाही, त्याच्या शेजारी बँड वाजवला तरी त्याला पत्ता लागणार नाही, त्याला फक्त लोखंड कळतं. मला वाटलं, मग ही जागा बरी. शेजारी ताईचं यंत्र आहे, ते सूर्याचं ऐकतंय, माझं नाही. दोघं आपापलं काम करतोय.

पुढच्या सोमवारी वर्गात हात वर करून उभी राहणार होते. ठरवलं होतं. त्या सोमवारी आई माझ्या मागे आली.

तू रविवारी फोन कर म्हणतेस. करते. अकरा वाजता. मी लगेच बोलले नाही तर ठेवू नकोस, मी तिथेच असेन. मला जरा वेळ लागतो. पण आता येतं.

बारकी

अरे हो, बाबांनी मिशी काढली. काल, न्हाव्याकडे जाऊन, कोणालाही न सांगता. आईनं दार उघडलं, बघितलं, आणि म्हणाली, ते घरी नाहीत, संध्याकाळी या.